नवा चेंडू, उभी शिवण

ज्यांच्या हातात नवा चेंडू क्वचितच येतो, त्या मुलामुलींसाठी हे पुस्तक लिहिले आहे. अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंड या पट्ट्यात सकाळी सहाला किटबॅग पाठीवर टाकून निघणारी पोरे रोज दिसतात. त्यांतली निम्मी तरी गोलंदाज असतात. त्यांना रन-अप शिकवला जातो, दम वाढवण्यासाठी मैदानाला फेऱ्या मारायला लावल्या जातात, ‘जोरात टाक’ असे सांगितले जाते. चेंडू हवेत वळतो तो का, आणि आपल्या हातून तो हवा तेव्हा कसा वळवायचा, हे मात्र बहुतेकांना कोणी बसवून सांगत नाही. मग एखाद्या दिवशी चेंडू आपोआप बाहेर निघतो, सगळे ‘वा’ म्हणतात, आणि दुसऱ्या दिवशी तोच हात, तोच चेंडू असूनही काही घडत नाही. पोरगा समजतो की स्विंग ही देणगी आहे, ज्याला मिळाली त्याला मिळाली. हा समज खोटा आहे. स्विंग शिकता येतो, सुधारता येतो आणि बिघडला तर दुरुस्तही करता येतो. त्यासाठी सहा फूट उंची लागत नाही, ताशी १४० किलोमीटरचा वेग लागत नाही आणि इंग्लंडचे ढगही लागत नाहीत.

मुंबईने हा विषय मागे ठेवला, याला कारण आपले फलंदाजीवरचे प्रेम. मर्चंट, मांजरेकर, वाडेकर, गावसकर, वेंगसरकर, तेंडुलकर ही नावे आपल्या घराघरांत घेतली जातात, आणि ती घेतलीच पाहिजेत. पण मुंबईने ४२ वेळा रणजी करंडक जिंकला तो केवळ धावा करून नव्हे. प्रत्येक मोसमात कोणीतरी पहिल्या तासात समोरच्या संघाचे दोन-तीन गडी उचलत होते. दत्तू फडकर कोल्हापुरात जन्मले आणि मुंबईसाठी नवा चेंडू टाकताना वळवत राहिले. ३१ कसोटींत त्यांनी ६२ बळी घेतले. रमाकांत देसाई इतके बुटके की सगळे त्यांना ‘टायनी’ म्हणत, पण १९५८-५९ च्या रणजी मोसमात त्यांनी ५० बळी घेतले, तेही सरासरी ११.१० धावांना एक. अब्दुल इस्माईल यांनी सत्तरच्या दशकात मुंबईच्या नव्या चेंडूचा भार वाहिला आणि त्यांना कसोटीची टोपी कधीच मिळाली नाही. त्यांच्यावर मराठीत एखादे धड पुस्तक का नसावे, याची मला मनापासून खंत वाटते.

पुढच्या पिढ्यांतही ही परंपरा खंडित झाली नाही. किरकोळ अंगकाठीच्या अजित आगरकरने २००३ च्या डिसेंबरमध्ये ॲडलेडला ४१ धावांत ६ बळी घेतले आणि भारताने ती कसोटी जिंकली. धवल कुलकर्णीने आयुष्यभर आउटस्विंगवर मुंबईची सेवा केली. २०२४ च्या मार्चमध्ये वानखेडेवर विदर्भाविरुद्धच्या रणजी अंतिम सामन्यात पहिल्या डावात त्याने १५ धावांत ३ बळी घेतले. त्याच सामन्याच्या शेवटी, निवृत्त होत असलेल्या त्याच्या हाती कर्णधार अजिंक्य रहाणेने चेंडू दिला आणि शेवटचा गडीही त्यानेच बाद केला.

उपनगरातल्या मुलांना जवळचे वाटावे असे उदाहरण शार्दुल ठाकूरचे. पालघरहून लोकलच्या गर्दीत किटबॅग सांभाळत येणारा हा मुलगा बोरिवलीच्या स्वामी विवेकानंद शाळेत आला तो दिनेश लाड सरांच्या आग्रहामुळे. त्याची रोजची ये-जा वाचावी म्हणून सरांनी त्याला काही काळ स्वतःच्या घरी ठेवून घेतले. या लाड सरांना २०२२ चा द्रोणाचार्य पुरस्कार मिळाला. शार्दुलची उंची बेताची, वेग बेताचा. पण २०२२ च्या जानेवारीत जोहान्सबर्गला त्याने ६१ धावांत ७ बळी घेतले. दक्षिण आफ्रिकेतल्या कसोटीत एका डावातली कुठल्याही भारतीय गोलंदाजाची ती तोवरची सर्वोत्तम कामगिरी होती. तीन वर्षांनी, जानेवारीअखेरच्या एका सकाळी, बीकेसीच्या मैदानावर त्याने मेघालयाविरुद्ध हॅट्ट्रिक घेतली आणि मेघालयाचे ६ गडी २ धावांत तंबूत परतले. बीकेसी म्हणजे घाटकोपरहून वीस-पंचवीस मिनिटांवरचे मैदान. हे सारे आपल्या दाराशी घडते आहे.

या परंपरेत एका चेंडूपाशी मला थांबायचे आहे. तो चेंडू बहुतेकांनी चित्रफितीत पाहिलेला असतो आणि त्यातला धडा बहुतेकांच्या नजरेतून निसटलेला असतो.

२५ जून १९८३, लॉर्ड्स, विश्वचषकाचा अंतिम सामना. भारत १८३ धावांत सर्वबाद. समोर वेस्ट इंडीज, आणि सलामीला गॉर्डन ग्रीनिज. चेंडू बलविंदरसिंग संधू यांच्या हातात. संधू मुंबईचे. तरुणपणी ऑफस्पिन टाकायचे, मग स्विंगकडे वळले, आचरेकर सरांच्या नजरेखालूनही गेले. १९८०-८१ च्या मोसमात करसन घावरी भारतीय संघासोबत परदेशी होते, तेव्हा मुंबईच्या संघात त्यांना जागा मिळाली आणि त्यांनी ती सोडली नाही. त्यांचा वेग मध्यमच होता. मार्शल, रॉबर्ट्स, होल्डिंग, गार्नर यांच्या शेजारी उभे केले तर त्यांना कोणी वेगवान गोलंदाज म्हटलेच नसते. त्या दिवशी त्यांनी ऑफस्टंपच्या बाहेर टाकलेला एक चेंडू ग्रीनिजने सोडून द्यायचे ठरवले, बॅट वर उचलली, आणि तो चेंडू आत वळून थेट यष्ट्यांवर गेला. धावसंख्या ५. पुढचे सगळ्यांना माहीत आहे.

जगातल्या सर्वोत्तम सलामीवीरांपैकी एकाने चेंडू सोडला तो बेफिकिरीने नव्हे. ज्या क्षणी त्याला निर्णय घ्यायचा होता त्या क्षणी चेंडू खरोखरच बाहेर होता. वळण त्यानंतर आले. स्विंगची सारी किमया या ‘त्यानंतर’मध्ये आहे, आणि त्यामागे गूढ असे काही नाही, सरळ हिशेब आहे. तो समजला की गोलंदाजाच्या डोक्यातला निम्मा गोंधळ संपतो.

योगायोग असा की त्याच १९८३ साली ‘नेचर’ या विज्ञान-नियतकालिकात रवी मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा क्रिकेट-चेंडूच्या स्विंगवरचा निबंध छापून आला. मेहता हे वायुगतिकीचे अभ्यासक. पुढे त्यांनी नासात संशोधन केले. त्यांनी चेंडूला उलटी फिरकी देऊन वाऱ्याच्या झोतात सोडले आणि त्यावर बाजूने किती बल येते ते मोजले. त्यांचे निष्कर्ष थोडक्यात असे. शिवण उडण्याच्या दिशेशी सुमारे २० अंशांच्या कोनात असावी. चेंडूला उलटी फिरकी असावी, सेकंदाला साधारण अकरा फेरे. आणि स्विंग सर्वाधिक मिळतो तो ताशी ११० किलोमीटरच्या आसपास.

हा शेवटचा आकडा मी मुलांना दोनदा वाचायला लावतो. ११० किलोमीटर म्हणजे सोळा-सतरा वर्षांच्या, नीट सराव केलेल्या मुलाच्या आवाक्यातला वेग. जो मुलगा ‘माझ्याकडे पेस नाही’ म्हणून खिन्न होऊन बसतो, त्याच्याकडे स्विंगसाठी लागतो तो वेग बहुधा असतो किंवा लवकरच येणार असतो.

आता त्यामागचे कारण. चेंडू हवेतून जाताना त्याच्या पृष्ठभागाला चिकटून हवेचा एक पातळ थर वाहतो. गुळगुळीत बाजूवर हा थर शांतपणे सरकतो आणि चेंडूची बाजू लवकर सोडून देतो. शिवण पुढे असलेल्या बाजूवर मात्र तिच्या टाक्यांना अडखळून त्याच थरात खळबळ माजते. खळबळलेली हवा चेंडूला जास्त वेळ चिकटून राहते आणि उशिरा सुटते. एक बाजू लवकर सुटली, दुसरी उशिरा, त्यामुळे चेंडूमागची हवेची शेपटी एका बाजूला कलते आणि चेंडू विरुद्ध बाजूला ढकलला जातो. म्हणजेच शिवण ज्या दिशेला बोट दाखवते तिकडे. उजव्या हाताच्या फलंदाजाला आउटस्विंग टाकायचा तर शिवणीचे तोंड स्लिपकडे आणि चकाकती बाजू लेगकडे. इनस्विंगसाठी शिवण फाइन लेगकडे, चकाकी ऑफकडे. वेग फारच वाढला तर गुळगुळीत बाजूवरची हवाही आपोआप खळबळू लागते, दोन बाजूंतला फरक मिटतो आणि हा स्विंग कमी होतो. म्हणून नुसता जोर वाढवत नेणारा गोलंदाज पुष्कळदा स्वतःचाच स्विंग मारून टाकतो.

आणि आता ते ‘त्यानंतर’. हे बाजूचे बल चेंडू हातातून सुटल्यापासून फलंदाजापर्यंत जवळजवळ सारखेच काम करते. सारख्या बलाखाली होणारे सरकणे वेळेच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते; हे दहावीच्या पुस्तकात आहे. ताशी ११० किलोमीटरचा चेंडू फलंदाजापर्यंत पोहोचायला सुमारे ०.६ सेकंद घेतो. समजा तो एकूण ६० सेंटिमीटर वळणार आहे. पहिल्या ०.३ सेकंदात तो वळेल फक्त १५ सेंटिमीटर. उरलेले ४५ सेंटिमीटर दुसऱ्या अर्ध्यात. फलंदाजाने पाय टाकायचे किंवा बॅट उचलायचे ठरवले असते ते त्या पहिल्या अर्ध्यात. ग्रीनिजचे तेच झाले.

‘लेट स्विंग’ हा काही निवडक गोलंदाजांना मिळालेला जादूचा प्रकार नाही, तर शिवण सरळ राहिली तर प्रत्येक स्विंग उशिरानेच वळतो. ज्याचा चेंडू हातातून सुटताच वळायला लागतो आणि मग सरळ होतो, त्याची शिवण मध्येच डगमगलेली असते. आणि चेंडू आखूड टाकला तर वळणाचा सर्वांत मोठा हिस्सा हाती येण्याआधीच तो टप्पा घेतो. फलंदाजाला ड्राइव्हचा मोह होईल इतका पुढे टप्पा ठेवण्याची हिंमत लागते, कारण त्यात चौकार बसतो. तो बसू द्यावा. लेंग्थच्या प्रकरणात मी जे काही लिहिले आहे ते या एका हिशेबातून आलेले आहे.

मेरठ हे गाव या संदर्भात लक्षात ठेवण्यासारखे आहे. आपल्याकडच्या रणजी आणि कसोटी सामन्यांत वापरला जाणारा एसजीचा चेंडू तिथे हाताने शिवला जातो, आणि त्याची शिवण चांगली वर आलेली असते. प्रवीण कुमार आणि भुवनेश्वर कुमार हे दोघेही मेरठचेच. वेग दोघांचाही सामान्य. भुवनेश्वरने २०१४ साली लॉर्ड्सवर ८२ धावांत ६ बळी घेतले ते मनगटाच्या जोरावर. चेंडू घडवणाऱ्या गावातली मुले चेंडू ओळखत मोठी होतात, असे मला वाटते. आपल्या मुलांनीही चेंडू ओळखायला शिकावे: शिवणीचे सहा पदर बोटांनी चाचपून पाहावेत, कुठली बाजू जास्त गुळगुळीत आहे, शिक्का कुठे आहे, चामडे कुठे उलले आहे ते पाहावे. चेंडू घासताना घाम चालतो, थुंकी नाही. २०२२ च्या ऑक्टोबरपासून खेळाच्या नियमांतच थुंकी लावण्याला बंदी आहे. आपल्या हवेत घामाची कमतरता नाही, पण चामडे भिजवून ठेवू नये, ते फुगते आणि जड होते. कापडावर घासून आलेली चकाकी टिकते.

हवेवरून आठवले. मुंबईत स्विंगबद्दल जितक्या समजुती आहेत तितक्या क्वचितच कशाबद्दल असतील. दमट हवेत चेंडू जास्त वळतो, भरतीच्या वेळी जास्त वळतो, आभाळ आले की वळतोच वळतो. दमटपणाचा स्विंगवर थेट परिणाम प्रयोगांत ठळकपणे दिसून आलेला नाही. २०१२ साली शेफिल्डमधल्या अभ्यासकांनी या प्रश्नाकडे पुन्हा पाहिले, तेव्हाही दमटपणाचा परिणाम सापडला नाही. ढगांबद्दल त्यांनी एक शक्यता मांडली: ऊन असले की तापलेल्या जमिनीवरून हवा वर उसळते आणि खेळपट्टीवरची हवा अस्थिर होते; ढग आले की ती शांत होते, आणि शांत हवेत चेंडूभोवतीचा तो नाजूक थर नीट काम करतो. मला हे पटते, कारण आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीतला पहिला तास, ऊन चढण्याआधीचा, असाच शांत असतो. मग आम्ही वर्षानुवर्षे जे पाहिले ते खोटे का? नाही. पाहिलेले खरे होते, कारण चुकीचे जोडले होते.

कांगा लीगचेही तसेच आहे. डॉ. होरमसजी कांगा यांच्या नावाने १९४८ पासून चालणारी ही पावसाळी स्पर्धा, न झाकलेल्या ओल्या खेळपट्ट्यांवर, वाढलेल्या गवतात. मुंबईचे फलंदाज तिथे घडले असे आपण अभिमानाने सांगतो. फलंदाज घडले, कारण समोर चेंडू हलवणारे गोलंदाज होते! तिथे चेंडू हलतो तो जास्त करून टप्पा पडल्यावर, ओल्या मातीवरून आणि गवतावरून, म्हणजे सीममुळे. हवेतला स्विंग आणि टप्प्यानंतरची हालचाल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दोघींनाही उभी शिवण लागते, म्हणून त्यांची गल्लत होते. पावसाळ्यात भरपूर बळी घेणारा पोरगा ऑक्टोबरच्या कोरड्या विकेटवर निष्प्रभ होतो, तेव्हा त्याला हा फरक सांगणारा कोणीतरी हवा.

वाऱ्याचा परिणाम मात्र खरा आहे, आणि उपनगरातल्या गोलंदाजाने तो रोज वापरावा. आपल्याकडच्या खेळपट्ट्या बहुधा उत्तर-दक्षिण असतात, सूर्य डोळ्यांवर येऊ नये म्हणून. दुपारी वारा समुद्रावरून, पश्चिमेकडून येतो. म्हणजे तो खेळपट्टीला आडवा वाहतो. उत्तरेच्या टोकाकडून टाकणाऱ्या गोलंदाजाच्या तो उजवीकडून डावीकडे जातो, आणि उजव्या फलंदाजाच्या बाहेर जाणारा चेंडू त्याच दिशेने जात असतो. दक्षिणेच्या टोकाकडून टाकणाऱ्याला तोच वारा इनस्विंगसाठी मदत करतो. बोरिवलीत किंवा मुलुंडला, डोंगराच्या पायथ्याशी, सकाळचा वारा पुष्कळदा उलट, जमिनीकडून येतो, म्हणजे टोकांचा हिशेब उलटा. सामना सुरू होण्याआधी गवताची चिमूट उडवून पाहायला दोन क्षण लागतात. कर्णधाराला कुठले टोक मागायचे हे ज्या गोलंदाजाला माहीत असते, त्याची पहिली तीन षटके वेगळी जातात.

आता अडचणी, कारण त्या सांगितल्याशिवाय हे पुस्तक प्रामाणिक होणार नाही. उपनगरात मैदाने थोडी, टर्फ विकेट त्याहून थोड्या. कांदिवलीत, बीकेसीत, कलिन्यात, विद्याविहारला काही चांगली मैदाने आहेत. पण बहुतेक मुलांचा सराव सिमेंटवर किंवा सिमेंटवर अंथरलेल्या मॅटवर होतो. उघड्या सिमेंटवर नवा चेंडू तासाभरात दोन्ही बाजूंनी खरवडला जातो. चकाकती बाजू उरतच नाही, मग ती सांभाळायची सवय कशी लागणार? त्यात एका नेटमध्ये सहा-सात गोलंदाज, जुने चेंडू, आणि फलंदाजाच्या वेळेवर सगळ्यांचे लक्ष. गोलंदाज हा तिथे फलंदाजाला सराव देणारा कामगार असतो. पालकही बॅटसाठी हजारो रुपये मोजतात आणि चेंडू अकादमी देईल म्हणतात. माझे मागणे छोटे आहे. प्रत्येक नेटमध्ये दोन बरे चेंडू फक्त नवा चेंडू टाकणाऱ्यांसाठी बाजूला ठेवावेत, ते फक्त मॅटवर किंवा टर्फवर वापरावेत, आणि आठवड्यातून एकदा पहिली वीस मिनिटे गोलंदाजांची असावीत. फलंदाजालाही त्यात फायदाच आहे.

टेनिस बॉलच्या स्पर्धांबद्दल मला विचारले जाते. त्या आपल्या उपनगरांचा श्वास आहेत, त्या बंद कराव्यात असे मी कधीच म्हणणार नाही. तिथे धीर येतो, यॉर्कर येतो, शेवटच्या षटकात हात थरथरत नाही. पण तिथे पहिल्या षटकापासून षटकार अडवायचा असतो, त्यामुळे मुलगा बोटे फिरवून चेंडूचा वेग मारायला शिकतो, आणि ती सवय सीझन बॉलवर शिवण वाकडी करते. दोन्ही खेळणाऱ्याने स्पर्धेनंतरच्या पहिल्या सरावात रन-अपशिवाय नुसते मनगट सरळ करण्याचे काम करावे. अर्ध्या भागावर टेप लावलेल्या टेनिस बॉलने चेंडू वळताना पाहण्याची मजा येते आणि हात मोकळा होतो. शिवण मात्र शिवणीच्याच चेंडूवर शिकावी लागते.

रिव्हर्स स्विंगचे वेड हा आणखी एक आजार. खरवडलेले चेंडू भरपूर, म्हणून प्रत्येकाला रिव्हर्सच शिकायचा असतो. रिव्हर्सला मोठा वेग लागतो, आणि त्याआधी शिवण उभी ठेवण्याची तीच जुनी शिस्त लागते. या पुस्तकात त्याचे प्रकरण सर्वांत शेवटी आहे आणि सर्वांत लहान आहे.

मग सुधारायचे काय? जवळजवळ सगळे मनगटात आणि शेवटच्या क्षणाच्या बोटांत आहे. तर्जनी आणि मधले बोट शिवणीच्या दोन्ही अंगांना, अंगठा खाली शिवणीच्या कडेवर, तळहात आणि चेंडू यांच्यात थोडी फट. सुटताना मनगट चेंडूच्या थेट मागे, आणि चेंडू दोन्ही बोटांवरून शेवटी निसटला पाहिजे, म्हणजे त्याला उलटी फिरकी मिळते. ही फिरकी शिवणीला तोल देते. फिरता भोवरा उभा राहतो तशी फिरती शिवण उभी राहते. मनगट बाजूला पडले की फिरकी तिरकी होते आणि शिवण लटपटते. शिवणीवर मार्करने जाड रेघ ओढावी, मित्राला दहा-बारा पावलांवर उभे करावे आणि रन-अपशिवाय चेंडू सोडावा. रेघ एकसंध दिसली तर मनगट बरोबर, पसरट डाग दिसला तर चूक. पूर्वी हे डोळ्यांनी पकडावे लागे, किंवा यष्टिरक्षकाला विचारावे लागे. आज प्रत्येक इमारतीत एखादा तरी फोन संथगतीत चित्रीकरण करतो. फोन यष्ट्यांच्या मागे, जाळीच्या पलीकडे, सुरक्षित जागी ठेवावा. स्वतःचा हात स्वतः पाहिल्यावर मुलांत जो बदल होतो, तो माझ्या सांगण्याने कधी झालेला नाही.

सुधारणा ही नवशिक्यांचीच गोष्ट आहे असेही नाही. श्रीरामपूरचा झहीर खान मुंबईत सुधीर नाईक यांच्या नॅशनल क्रिकेट क्लबमध्ये आला, चेन्नईच्या एमआरएफ पेस फाउंडेशनमध्ये डेनिस लिली यांच्याकडे शिकला, भारताकडून खेळला, आणि मग संघाबाहेर गेला. २००६ चा उन्हाळा त्याने वूस्टरशरसाठी काउंटी क्रिकेट खेळण्यात घालवला. रन-अप आखूड केला, रोज षटकांमागून षटके टाकली, ७८ बळी घेतले. पुढच्याच वर्षी ट्रेंट ब्रिजला त्याने ९ बळी घेतले, भारताने ती कसोटी जिंकली आणि त्या जोरावर मालिकाही. झहीरचा डावा हात आधीही होता. बदलली ती मनगटावरची हुकमत आणि सलग टाकत राहण्याची सवय. त्याने ९२ कसोटींत ३११ बळी घेतले. त्यांतले किती त्या एका उन्हाळ्याचे देणे आहे, याचा विचार प्रत्येक नाउमेद गोलंदाजाने करावा.

सलग टाकत राहणे मोठ्यांसाठी. लहानांसाठी नाही, आणि हे मला पालकांना कळकळीने सांगायचे आहे. वाढत्या वयात पाठीच्या कण्याच्या खालच्या मणक्यांना सूक्ष्म भेगा पडतात त्या अति गोलंदाजीने, आणि कंबर एका दिशेला व खांदे दुसऱ्या दिशेला अशा मिश्र ॲक्शनने. इंग्लंडच्या क्रिकेट मंडळाने १३ वर्षांखालच्या वेगवान गोलंदाजासाठी एका स्पेलमध्ये ५ आणि दिवसात १० षटकांची मर्यादा घालून दिली होती. आपल्याकडे सकाळी शाळेचा सामना, दुपारी अकादमी, संध्याकाळी टेनिस बॉल, असा दिवस बारा वर्षांची मुले काढतात आणि घरचे कौतुक करतात. स्विंग शिकायला इतके चेंडू लागत नाहीत. पूर्ण ताकदीचे तीस चेंडू आणि रन-अपशिवाय मनगटाचे पन्नास, एवढे एका दिवसाला पुष्कळ झाले. पाठ दुखते म्हणणाऱ्या मुलाला ‘सहन कर’ म्हणू नये, डॉक्टरांकडे न्यावे.

चेंडूच्या मापाकडेही लक्ष द्यावे. पुरुषांचा चेंडू सुमारे १५६ ते १६३ ग्रॅमचा, महिलांचा १४० ते १५१, आणि १३ वर्षांखालच्यांचा १३३ ते १४४. अकरा वर्षांच्या मुलाच्या हातात मोठा चेंडू दिला की त्याची बोटे शिवणीवर पुरत नाहीत, तो तळहाताने चेंडू धरतो, आणि ती पकड पुढे पाच वर्षे सुटत नाही. मुलींच्या बाबतीत हे जास्तच घडते, कारण त्या मुलांच्याच नेटमध्ये, मुलांच्याच चेंडूने सराव करतात. हलक्या चेंडूवर तेवढेच बल आले तर तो जास्त वळतो. म्हणजे मुलींसाठी स्विंग हे आणखी मोठे हत्यार आहे. मुंबईची सायली सातघरे २०२५ च्या जानेवारीत भारताच्या एकदिवसीय संघात आली ती चेंडू सीमवर टाकणारी अष्टपैलू म्हणूनच. उपनगरातल्या अकादम्यांनी मुलींसाठी त्यांच्या मापाचे चेंडू ठेवावेत, ही मागणी मी याच पानावर नोंदवून ठेवतो.

पुस्तकाची मांडणी शिकण्याच्या क्रमाने आहे. पहिली दोन प्रकरणे रन-अपशिवाय करायची आहेत. ती गच्चीवर, जिन्याखाली, सोसायटीच्या मोकळ्या जागेत होतात, त्यांना विकेट लागत नाही. तिसऱ्यापासून क्रीज, लेंग्थ आणि वारा. इनस्विंग चौथ्या प्रकरणात येतो, आणि आउटस्विंग पक्का झाल्याशिवाय तो उघडू नये, कारण दोन्ही एकदम शिकणाऱ्याची ॲक्शन दोन चेंडूंसाठी दोन प्रकारची होते आणि फलंदाज ती ओळखतो. मधली पाने कोरी ठेवली आहेत. तिथे तारीख, टोक, वाऱ्याची दिशा, चेंडूची अवस्था आणि किती चेंडू खरोखर वळले, एवढे लिहावे. वही शिक्षकाला दाखवावी. दर पंधरा दिवसांनी मागची पाने उघडून पाहावीत. चेंडू कोणत्या टोकाकडून आणि कोणत्या वाऱ्यात वळला, ते तिथेच लिहिलेले सापडेल.